सातच्या आत घरात, तेलविहीर असली तरी!

आमच्या विभागातल्या तेल-भूवैज्ञानिकांच्या संघटनेचा वार्षिक अहवाल नुकताच टपालाने आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर मावळत्या सूर्यापुढे उभी असलेली रिग. मी या संघटनेची आजीव सदस्य आहे. नाव मुद्दामच देत नाही, कारण एका संघटनेला झोडपायला हा लेख लिहिलेला नाही. १९८८ साली मी या धंद्यात आले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. एवढ्या काळात असे अहवाल ढिगाने वाचले. अध्यक्ष बदलतात, मुखपृष्ठावरची रिग बदलते, आतला मजकूर तोच राहतो. मासिक व्याख्याने, क्षेत्रसहल, विद्यार्थ्यांची प्रश्नमंजूषा, क्रिकेटचा सामना, वार्षिक स्नेहभोजन, पुरस्कार आणि शेवटी जमाखर्च.

तुम्ही म्हणाल, बाई, याच्याशी आपला काय संबंध? आपल्या अंकात विडीकामगार येतात, परिचारिका येतात, परित्यक्ता येतात. तेल शोधणाऱ्या साहेबांचे स्नेहभोजन इथे कशाला?

संबंध आहे. हा अहवाल मी हातात पेन्सिल घेऊन वाचला. ज्या ज्या पानावर बाई दिसेल तिथे खूण करायची असे ठरवले होते. व्याख्यात्यांच्या यादीत खूण करायला जागाच मिळाली नाही. क्षेत्रसहलीच्या समूहछायाचित्रात ओळीने टोप्या आणि मिशा. पुरस्कारांच्या पानावरही तेच. मग पेन्सिल टेकली ती तीन ठिकाणी: जानेवारीतले हळदीकुंकू, आठ मार्च, आणि आभारप्रदर्शनात "ज्यांच्या सहकार्याशिवाय आम्ही हे करू शकलो नसतो त्या आमच्या सौभाग्यवती". भूगर्भाचे शास्त्र शिकलेली बाई या तिन्हींपैकी कशातच नाही.

आता कुणी म्हणेल, अहो, हे तर करमणुकीचे मंडळ, त्याचे काय एवढे मनावर घ्यायचे? इथेच खरी मेख आहे. अशी संघटना पगार देत नाही, बढती देत नाही, बदली करत नाही. पण व्याख्यानानंतर ग्लास हातात घेऊन जी माणसे कोपऱ्यात उभी असतात, त्यांच्यातच ठरते की पुढच्या विहिरीवर कोण जाणार, कुठल्या तरुणाला कुठल्या गटात घ्यायचे, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून कुणाचे नाव सुचवायचे. व्याख्यान संध्याकाळी साडेसहाला. जेवण साडेआठला. नोकरी करणारी कुठली बाई तोवर थांबू शकते? आणि थांबलीच, तर घरी आणि त्या कोपऱ्यातही तिच्याकडे कुठल्या नजरेने पाहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी थांबले आहे, म्हणून माहीत आहे.

पण संध्याकाळच्या जेवणापेक्षा मोठी गोष्ट रात्रीची आहे. ती कळायला आमचे काम थोडे समजून घ्यावे लागेल.

तेलविहीर खणताना तळाशी बिट फिरत असते आणि दगडाचा चुरा होत असतो. हा चुरा खास चिखलाबरोबर वर येतो. आम्ही त्याला कटिंग्ज म्हणतो. खोल विहीर असली तर तळाचा चुरा वर यायला तास-दीड तास लागतो. दर काही मीटरला नमुना घ्यायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, दगड कुठला, रंग कसला, तेलाचा अंश दिसतो का, वायू किती निघतो, हे बघून सांगायचे की अजून खणा, नाहीतर थांबा, आता अखंड गाभा काढा. हे काम विहिरीवर हजर असलेल्या भूवैज्ञानिकाचे. आणि खणणे दिवसरात्र चालते. रिगचे भाडे तासावर मोजतात, तिथे कुणी सात वाजले म्हणून काम थांबवत नाही.

आता कायदा बघा. १९५२च्या खाण कायद्याने तेलविहिरीलाही खाणच ठरवले होते. त्याचे ४६वे कलम सांगे: जमिनीखाली कुठल्याही बाईला कामाला लावायचे नाही, आणि जमिनीवर फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या दरम्यान लावायचे. सरकारला वेळेत थोडी ढील देण्याची मुभा होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच या काळात काही झाले तरी नाही. म्हणजे अंकलेश्वर, मेहसाण्याच्या रिगवर बाईने दिवसा यावे, सात वाजता हातातला नमुना तसाच ठेवून निघून जावे, आणि रात्रीतून विहिरीने काय दाखवले ते सकाळी पुरुष सहकाऱ्याच्या वहीत वाचावे. अशी बाई कोण नेमील? कायद्याने दिवसा मनाई नव्हती, पण रात्रीच्या मनाईने दिवसही आमच्या हातून काढून घेतला. समुद्रातल्या रिगवर कुठला कायदा कुठवर लागतो याचा कीस वकिलांनी पाडावा. जुहूहून हेलिकॉप्टर सुटे, पुरुष सहकारी चौदा-चौदा दिवसांसाठी जात, आणि आम्ही विचारले की उत्तर ठरलेले: "कलम सेहेचाळीस आहे ना, मॅडम. तुमच्याच काळजीपोटी."

काळजी! १९८३ साली नागपूरच्या अदिती पंत आणि कोलकात्याच्या सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेल्या. एक सागरशास्त्रज्ञ, दुसरी भूवैज्ञानिक. बर्फाच्या खंडावर भारताची बाई चालली. त्यानंतर पाच वर्षांनी मी नोकरीला लागले, तेव्हा मुंबईपासून १६० किलोमीटरवरच्या समुद्रात जायला बाईला धोका होता. अंटार्क्टिकाला ४६वे कलम लागू नव्हते, एवढाच काय तो फरक.

मग आम्ही काय करायचे? प्रयोगशाळा. विहिरीवरून पिशव्यांतून येणारे नमुने घ्यायचे आणि त्यातले सूक्ष्म जीवाश्म शोधायचे. फोरॅमिनिफेरा नावाचे हे एकपेशीय समुद्रजीव, बहुतेक वाळूच्या कणाएवढे. कुठल्या जातीचे कवच सापडले यावरून थराचे वय कळते, आणि वय कळल्याशिवाय दोन विहिरींतले थर एकमेकांशी जुळवता येत नाहीत. काम फार सुंदर आहे. मी ते प्रेमाने केले, आणि त्यात कमीपणा आहे असे मला कधी वाटले नाही. पण जे काम बसून करायचे, डोळे फोडून करायचे, चिकाटीने करायचे आणि ज्याचे श्रेय दुसऱ्याच्या नकाशात तळटीप म्हणून जाते, ते बायकांकडे कसे येते, हे तुम्हाला नव्याने सांगायला हवे का? नक्षीकाम, विणकाम, तांदूळ निवडणे आणि फोरॅमिनिफेरा.

हे आपल्याच देशात झाले असे नाही. अमेरिकेत तेल-भूवैज्ञानिकांची मोठी संघटना १९१७ साली टल्सा गावात निघाली. जगभरातल्या विभागीय संघटना तिच्याच साच्यात घडल्या. व्याख्यान, सहल, स्नेहभोजन, पुरस्कार, आणि सदस्यांच्या बायकांचे वेगळे पूरक मंडळ, हा सगळा थाट तिकडचाच. १९२१ साली एस्थर रिचर्ड्स या तरुणीने तिथल्या भूवैज्ञानिकांच्या सभेत मांडले की या सूक्ष्म जीवाश्मांवरून तेलविहिरीतल्या थरांचे वय सांगता येते. एका प्राध्यापकाने भर सभेत तिची टर उडवली, कालची पोर आम्हाला शिकवते म्हणून. चार वर्षांनी, १९२५ साली, तिने (लग्नानंतर ती एस्थर ॲप्लिन झाली), अल्वा एलिसर आणि हेडविग क्नायकर यांनी मिळून टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीखालच्या थरांवर शोधनिबंध छापला. तिघी ह्यूस्टनमधल्या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या तेलकंपन्यांत कामाला होत्या, तरी तिघींनी आपापले ज्ञान एकत्र केले. पुरुषांच्या कंपन्या एकमेकांपासून नकाशे लपवत होत्या तो हा काळ! तेलधंद्याने ही पद्धत उचलली आणि गावोगाव प्रयोगशाळा उघडल्या. त्या प्रयोगशाळांत बायका बसल्या. त्या संघटनेला पहिली बाई अध्यक्ष मिळाली ती २००१ साली, रॉबी ग्राइस. चौऱ्याऐंशी वर्षे लागली. याच ग्राइसबाईंनी पुढे या धंद्यातल्या जुन्या बायकांचा इतिहास खणून काढून पुस्तक केले. खणायची सवय कामाला आली म्हणायची.

तर आमच्याकडचा अनुभव सांगते. बढतीच्या मुलाखतीत मला विचारले गेले, "विहिरीवरचा अनुभव किती?" मी म्हटले, "आपण पाठवत नाही." तेव्हा समोरचे गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, "ते खरे आहे मॅडम, पण अनुभव नाही तो नाहीच ना." दार बंद करायचे आणि मग आत का आला नाहीत म्हणून विचारायचे! कंपनीचे नाव सांगून उपयोग नाही. हे वाक्य मी चार वेगवेगळ्या कंपन्यांतल्या मैत्रिणींच्या तोंडून ऐकले आहे, शब्दसुद्धा तेच.

अशा वेळी व्यावसायिक संघटना काय करू शकली असती? पुष्कळ. कंपनीला कायद्याचे निमित्त होते, संघटनेला नव्हते. संघटनेची क्षेत्रसहल म्हणजे काही खाण नव्हे. दख्खनच्या लाव्हारसाचे थर, कच्छमधले ज्युरासिक खडक, गुजरातच्या किनाऱ्यावरचे चुनखडक, दिवसाउजेडी जाऊन बघायचे असतात. पण दरवर्षी सहलीच्या पत्रकाखाली एक ओळ असे: "भगिनींच्या निवासाची सोय नसल्याने क्षमस्व." सोय म्हणजे काय? एक वेगळी खोली आणि कडी लागणारा संडास. क्रिकेटच्या सामन्याला तंबू आणि थंड पेये मिळतात, त्या संघटनेला एक खोली मिळू नये? एकदा मी म्हटले, आम्ही दोघी आमच्या खर्चाने वेगळ्या राहू, सकाळी उघड्यावरच्या खडकापाशी भेटू. तर कार्यवाह म्हणाले, "जबाबदारी कोणाची?" त्यांना विचारावेसे वाटले, दगड बघायला आलेल्या बाईची जबाबदारी घ्यावी लागते ती नक्की कोणापासून?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. १९९७चा विशाखा निकाल झाला, २०१३ साली लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यात नोकरीच्या निमित्ताने जिथे जावे लागते ती जागाही कामाची जागाच मानली आहे, नेण्याआणण्याची गाडीसुद्धा. पण संघटनेची सहल? तिथे सदस्य कुणाचेच नोकर नसतात. तक्रार कुठे करायची? हिच्या कंपनीत, त्याच्या कंपनीत, की सहल काढणाऱ्या कार्यवाहाकडे? एवढ्या वर्षांत एकाही अहवालात मी यावर एक ओळ वाचली नाही. क्षमस्व म्हणून बायकांना वगळले की तक्रार समिती नेमायचे कष्टही वाचतात.

जानेवारीतल्या हळदीकुंकवाबद्दल लिहिलेच पाहिजे. सदस्यांच्या कुटुंबीयांसाठी म्हणून ते होते, फोटोसकट अहवालात येते. आमंत्रण "सौ." म्हणून. माझी एक सहकारी, भूभौतिकीतली उत्तम जाणकार, स्वतःच्या नावाने सदस्य, वर्गणी वेळेवर भरणारी. तिचा नवरा वारला त्या वर्षीपासून तिला ते आमंत्रण येणे बंद झाले. तिने कधी तक्रार केली नाही, कारण हळदीकुंकवाला जायची तिला मुळात हौस नव्हती. पण जी संघटना भूगर्भातल्या सहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या थरांचा वाद शास्त्राने सोडवते, ती आपल्या सदस्येची गणना कपाळाकडे बघून करते! आणि उलट बाजूने बघा. स्नेहभोजनाच्या वेळी सदस्यांच्या जोडीदारांसाठी फुलांची रचना, साडीचे प्रदर्शन असा कार्यक्रम असतो. माझ्या नवऱ्याला अजून कुणी "सदस्येचे यजमान" म्हणून फुले मांडायला बोलावले नाही. तो बिचारा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसे.

आठ मार्च मी दोन वाक्यांत आटोपते. विषय होता ताणतणाव आणि आहार. वक्ता पुरुष.

आता "पण आता सगळे बदलले आहे, मॅडम" हे उत्तर तयार असेल. काही बदलले आहे, ते मान्य करते. २०१९च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ४६व्या कलमातून सूट दिली. जमिनीवरच्या खाणीत रात्री, आणि जमिनीखाली दिवसा तांत्रिक व देखरेखीच्या कामाला बाई लावता येऊ लागली. माझ्या ३७ वर्षांच्या नोकरीतली ३१ वर्षे तोवर सरली होती. पुढे २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याची नवी संहिता मंजूर केली. तिच्यात सर्व ठिकाणी सर्व प्रकारची कामे बायकांना खुली केली आणि रात्रीसाठी संमतीची अट ठेवली. ती अमलात यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला. २०२३च्या जानेवारीत ओएनजीसीच्या शोधकार्याच्या संचालकपदावर सुषमा रावत आल्या, भूवैज्ञानिक बाई. आम्हा सगळ्यांना आनंद झाला, पेढे वाटले.

पण २०१९च्या त्या सूटपत्रातली एक अट वाचा. पाळीत किमान तीन बायका एकत्र असल्या पाहिजेत. रिगवर एका पाळीला भूवैज्ञानिक असतो एक. बाकीच्या दोघी आणायच्या कुठून? खणणाऱ्यांत बाई नाही, चिखल तपासणाऱ्यांत नाही, स्वयंपाकीसुद्धा पुरुष. म्हणजे तीन मिळत नाहीत म्हणून एकीलाही नको, आणि एकही नाही म्हणून तीन कधी होतच नाहीत. शिवाय लेखी संमती. संमती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण "संमती दिली नाही" हा शेरा मुलीच्या नावावर पडतो. रिगवर बायकांसाठी खोली नाही, अंगाच्या मापाचा कामाचा पोशाख नाही, घरी तान्हे मूल आहे आणि पाळणाघर नाही, म्हणून तिने नाही म्हटले, हे कुठे लिहिले जाते? कायद्याने दार उघडले आणि उंबरठ्यावर तिच्याच सहीचा कागद ठेवला. आमच्या संघटनेने या बदलावर एक चर्चासत्र तरी घ्यायचे! अहवालात नव्या सॉफ्टवेअरवर तीन पाने आहेत, यावर अवाक्षर नाही.

आता आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींच्या मनातला प्रश्न. चार शिकल्यासवरल्या, पगारदार बायकांच्या हेलिकॉप्टरच्या फेरीसाठी आपण का भांडायचे? तेल काढणेच बरे की वाईट, हाही वाद आहे, आणि तो वेगळ्या लेखाचा आहे. पण ४६व्या कलमाची गोष्ट आमच्यापासून सुरू होत नाही. झरिया-राणीगंजच्या कोळशाच्या खाणींत एके काळी नवरा कोळसा फोडे आणि बायको टोपलीने भरून वाही. त्यांना कामिन म्हणत, बहुतेक आदिवासी आणि दलित बायका. १९२९च्या नियमांनी त्यांना खाणीच्या पोटातून टप्प्याटप्प्याने काढायला सुरुवात झाली. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने तसा करारच केला. दुसरे काम मिळेल याची सोय नाही, पुरुषाचा पगार वाढवला नाही, नुसते काढले. मग युद्धाला कोळसा कमी पडू लागला. १९४३ साली बंदी उठवली! तेव्हा गरोदरपण आठवले नाही, काळोख आठवला नाही, शील आठवले नाही. १९४६ साली गरज संपली आणि बंदी पुन्हा लागली. १९५२च्या कायद्याने त्याच बंदीवर स्वतंत्र भारताचा शिक्का मारला.

कामिनीला टोपलीसह वर काढणारे आणि मला सूक्ष्मदर्शकाशी बसवणारे कलम एकच आहे. तिची भाकरी गेली, माझी बढती गेली. दोन्ही नुकसाने सारखी आहेत असे मी म्हणत नाही, म्हटले तर ती शुद्ध बेशरमी होईल. पण काळजीच्या नावाने बाईला कुठून काढायचे आणि गरजेच्या वेळी कुठे परत घालायचे, हे ठरवणारा हात तोच आहे. २०१९ च्या सुटीतही जमिनीखाली आत जाऊ दिले ते तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला. टोपलीवालीचे नाव त्यात नव्हते. म्हणून आमचा झगडा आमच्यापुरता ठेवला, तर तो तिच्या डोक्यावरून निघून जाईल.

मी आमच्या संघटनेला पत्र पाठवले आहे. पुढच्या अहवालात स्त्री-सदस्यांची संख्या वेगळी छापा. सहलीच्या पत्रकातली क्षमस्वची ओळ काढा आणि निवासाचा खर्च क्रिकेटच्या खात्यातून करा. पुरस्कारासाठी नावे कोण सुचवतो, कुणाची सुचवली, हे जाहीर करा. सहलीला जायच्या आधी तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव पत्रकावर द्या, आणि ती बाई असू द्या. व्याख्यान पाचला ठेवा. हळदीकुंकू हवे तर ज्याने त्याने आपल्या घरी करावे. उत्तर आलेले नाही.

दुसरे काम तुमच्या मदतीचे आहे. तेलधंद्यातल्या मोठ्या कंपन्या सरकारी आहेत, म्हणजे त्यांना २००५चा माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जाची फी दहा रुपये. मी एक मसुदा केला आहे, त्यात प्रश्न थोडेच आहेत: २०१९ पासून दरवर्षी किती स्त्री भूवैज्ञानिकांना विहिरीवर पाठवले, किती रात्रपाळ्यांना, कुठल्या रिगवर बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास आहे, आणि बढतीच्या निकषांत विहिरीवरच्या अनुभवाला किती गुण आहेत. मुंबई, बडोदे, अंकलेश्वर, शिवसागर, राजमहेंद्री अशा ठिकाणी एकाच आठवड्यात अर्ज गेले पाहिजेत, म्हणजे एकीला बोलावून समजूत घालता येणार नाही. नोकरीत असलेल्या मुलींनी आपल्या नावाने अर्ज करू नये. तिथे आपल्या गटांतल्या बाहेरच्या बाया हव्यात, शिक्षिका असो, विमा एजंट असो, कुणीही. मसुदा अंकाच्या कार्यालयात ठेवला आहे.